हजार घोड्यांची काटकसर

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोड्यांचा बाजार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एकेका जनावरापुढे माणसे तासन्‌तास उभी असतात. दात पाहतात, चाल पाहतात, भोवरे पाहतात, आणि मग कोठे सौद्याची भाषा सुरू होते. आता अशी कल्पना करा की, त्या बाजारातले निवडक एक हजार घोडे एकाच गाडीला जुंपले आहेत. आणि ती गाडी आत बसलेल्या माणसासकट पुरती आठ क्विंटलसुद्धा भरत नाही. फॉर्म्युला वन या शर्यतीतली गाडी ती हीच. २०२६ च्या मोसमासाठी ठरलेल्या नियमांत तिचे कमीतकमी वजन, इंधन सोडून, ७६८ किलो आहे आणि तिची शक्ती हजार अश्वशक्तीच्या घरात आहे.

जळगावला किंवा धुळ्याला अशा शर्यतीचे मैदान नाही. मग या विषयावर येथे बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे कारण एक लहानसा प्रसंग आहे. पंपाच्या मोटरा बांधून देणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी रविवारी संध्याकाळी बसलो होतो. युरोपात उन्हाळ्यात दुपारी तीनला शर्यत सुटते तेव्हा आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात. दुकानात चार तरुण मुले मोबाइलवर शर्यत पाहत होती आणि वाद घालीत होती. एकाचे म्हणणे, जुन्या दहा सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज गेला आणि शर्यतीतला जीव गेला. दुसऱ्याचे म्हणणे, पेट्रोलचे दिवस भरले, उद्या सगळे विजेवरच धावणार. कारागीर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळीत होता. थोड्या वेळाने त्याने मला विचारले, “सर, पोराले इंजिन शिकवू का मोटर?”

त्या मुलांचा वाद आणि त्या बापाचा प्रश्न हे दोन्ही एकच आहेत, असे मला वाटते. आजचा सारा प्रपंच त्याच्या उत्तरासाठी आहे.

फॉर्म्युला म्हणजे काय?

फॉर्म्युला म्हणजे सूत्र, नियमांची चौकट. गाडी केवढी असावी, इंजिन केवढे असावे, इंधन कोणते असावे, हे आधी ठरवायचे आणि त्या कुंपणाच्या आत ज्याला जेवढे डोके चालवता येईल तेवढे त्याने चालवायचे, असा हा खेळ आहे. जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे झाली. त्या वेळचा नियम असा होता की, हवा दाबून भरणारा पंप लावायचा असेल तर इंजिन दीड लिटरचे हवे, नसेल तर साडेचार लिटरपर्यंत चालेल. तेव्हापासून हे सूत्र किती तरी वेळा बदलले. दर वेळी कारण निराळे, पण कथा मात्र एकच. गाड्या फार वेगवान होतात, फार धोक्याच्या होतात किंवा फार खर्चाच्या होतात. मग नियमकर्ते लगाम खेचतात आणि अभियंते त्या लगामातून नवी वाट काढतात.

एक उदाहरण पाहू. १९७७ साली रेनो कंपनीने दीड लिटरचे टर्बो इंजिन आणले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचे आणि त्या चक्राच्या जोरावर इंजिनात हवा कोंबायची, ही टर्बोची युक्ती. प्रथम लोक हसले, कारण ते इंजिन वरचेवर धूर सोडून बंद पडे. पुढे सात-आठ वर्षांत सगळ्यांनीच टर्बो घेतला. शक्ती इतकी वाढली की, १९८४ साली एका शर्यतीला २२० लिटर इंधनाची मर्यादा घालावी लागली, आणि १९८८ मध्ये टर्बोच्या गाड्यांसाठी ती १५० लिटरवर आली. गाडी हाकणाऱ्याला आता एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा इंधनाच्या हिशेबावर ठेवावा लागला. जो उधळ्या तो शेवटच्या फेरीत टाकी कोरडी पडून वाटेत उभा राही. १९८९ मध्ये टर्बोवरच बंदी आली.

त्यानंतरचा काळ दहा सिलिंडरच्या इंजिनांचा. ज्या आवाजासाठी दुकानातला तो मुलगा हळहळत होता तो याच इंजिनांचा. मिनिटाला अठरा-एकोणीस हजार फेरे घेणाऱ्या त्या इंजिनांची किंकाळी मैलभर ऐकू येई. परंतु आवाज हीसुद्धा वाया गेलेली शक्तीच असते. उष्णता तर त्याहून किती तरी अधिक वाया जाते. आपल्या रस्त्यावरच्या साध्या पेट्रोल गाडीत शंभर रुपयांच्या इंधनापैकी फार तर तीस-पस्तीस रुपयांचेच काम चाकापर्यंत पोचते असे समजायला हरकत नाही. उरलेले रेडिएटर आणि धुराडे खाऊन टाकतात. २०१४ साली नियम पुन्हा बदलले. इंजिन १.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बोचे. आणि त्याच्या जोडीला विजेची यंत्रे दोन. एक ब्रेक लावताना वीज साठवणारे, दुसरे धुराड्यातल्या उष्णतेवर चालणारे. शौकिनांनी नाके मुरडली. पण त्याच इंजिनांपैकी मर्सिडीजच्या इंजिनाने २०१७ साली प्रयोगशाळेतल्या चाचणीत इंधनातल्या निम्म्याहून अधिक शक्तीचे कामात रूपांतर करून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनात ही गोष्ट शतकभर कोणाला साधली नव्हती.

नवे यंत्र

आता २०२६ चे यंत्र पाहू. धुराड्याच्या उष्णतेवर चालणारे ते दुसरे विजेचे यंत्र यात काढून टाकले आहे. ते फार खर्चाचे होते, आणि रस्त्यावरच्या गाडीत त्याचा उपयोग फारसे कोणी करीत नव्हते. राहिले पेट्रोल इंजिन आणि एक विजेची मोटर. पूर्वी ही मोटर १२० किलोवॅटची होती. आता ती ३५० किलोवॅटची आहे. पेट्रोल इंजिनाची शक्ती साडेपाचशे किलोवॅटवरून चारशेच्या आसपास उतरविली आहे. म्हणजे आपल्या हजार घोड्यांपैकी पाचशेहून थोडे अधिक घोडे इंधनावर पोसलेले आणि पावणेपाचशे घोडे विजेवरचे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही वीज बाहेरून येत नाही. शर्यतीच्या मध्ये गाडी कोठेही प्लगला लावीत नाहीत. वीज उत्पन्न होते ती गाडीतच. विजेची मोटर आणि विजेचे जनित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे मोटर बांधणाऱ्या कारागिराला सांगावे लागत नाही. वीज दिली की यंत्र चाक फिरविते. चाकाने यंत्र फिरविले की ते वीज देते. आठ क्विंटलची गाडी ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर आणली, तर तिच्या अंगातल्या गतीतून पाऊण युनिटाच्या आसपास शक्ती सुटते. साध्या गाडीत ती ब्रेकच्या थाळ्या तापवून हवेत जाते. येथे तिच्यातला जमेल तेवढा वाटा परत बॅटरीत भरला जातो.

ही बॅटरी केवढी असेल? चढउतार करता येतो तो चार मेगाज्यूलचा. घरच्या मीटरच्या भाषेत सांगायचे तर एका युनिटाहून थोडी जास्त वीज, बस्स! ३५० किलोवॅटची मोटर पूर्ण जोराने चालविली तर एवढी वीज साडेअकरा सेकंदांत संपते. मी हा आकडा सांगताच कारागिराच्या मुलाने तिथल्या तिथे कागदावर हिशेब मांडला. तोटे सोडून दिले तर एवढ्याच विजेवर आपला पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे अठरा मिनिटे चालेल. केळीच्या बागेला अठरा मिनिटे पाणी, किंवा त्या गाडीची अकरा सेकंदांची धाव!

म्हणून एका फेरीत ती बॅटरी पुन्हा पुन्हा भरावी लागते. नियमांनी एका फेरीत साधारण साडेआठ मेगाज्यूल वीज गोळा करू दिली आहे. मार्गाप्रमाणे हा आकडा कमी होतो. नुसत्या ब्रेकांतून एवढी वीज मिळत नाही. मग काय करतात? सरळ रस्ता संपत आला की पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालू ठेवून मोटर उलट कामाला लावतात. इंजिनाची काही शक्ती चाकाकडे जाण्याऐवजी बॅटरीकडे वळते. वळणातून बाहेर पडताना, जेथे एका क्षणाचीही किंमत मोठी असते, तेथे ती वीज सोडतात. आपल्या जळगावला ठिबक सिंचनाची महती सांगायला नको. पाटाने पाणी सोडले की शेत भिजते आणि बांधही भिजतो. ठिबकने पाणी मुळाशी पडते. नव्या शर्यतीतली विद्या ही शक्तीच्या ठिबकचीच विद्या आहे. कोठे थेंब सोडायचा आणि कोठे तोटी बंद करायची, हे ज्याला कळले तो पुढे.

तीन दिवसांची यात्रा

या दृष्टीने पाहिले म्हणजे शुक्रवार ते रविवार चालणाऱ्या सोहळ्याचा अर्थ उलगडतो. शुक्रवारी एकेका तासाचे दोन सराव असतात. पाहणाऱ्याला वाटते, गाड्या उगाच फेऱ्या मारीत आहेत. वास्तविक ती मोजणी चाललेली असते. कोणत्या वळणात किती वीज मिळते, कोणत्या टायरवर किती जोर सोसतो, वारा कोणत्या बाजूचा आहे, याचा हिशेब मांडला जातो. शनिवारी सरावाचा आणखी एक तास आणि मग क्रम ठरविणारी फेरी. ती तीन टप्प्यांत होते आणि मागे पडलेले गाळले जातात. तेथे गणित निराळे. एकाच फेरीपुरते सर्वस्व उधळायचे असते.

रविवारी मात्र संसार करायचा असतो. शर्यत कमीतकमी ३०५ किलोमीटरची, म्हणजे धुळे ते मुंबई अंतराहून थोडीच कमी. मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर तेवढी ती २६० किलोमीटरची ठेवली आहे. एवढे अंतर या गाड्या साधारण दीड तासात तोडतात. टायर बदलायला थांबलेली गाडी दोन-तीन सेकंदांत पुन्हा वाटेला लागते. पुढच्या गाडीच्या मागे एका सेकंदाच्या आत पोचणाऱ्याला मोठ्या वेगातही अधिक वीज वापरण्याची सवलत आहे. पण त्या सवलतीत ज्याने वीज उडविली तो पुढच्या सरळ रस्त्यावर उपाशी राहतो. शिवाय एका गाडीला वर्षभरात तीन-चारच इंजिने मिळतात. पाचवे बसविले की आरंभीच्या रांगेत मागे उभे राहण्याची शिक्षा.

२०२१ पासून काही ठिकाणी शनिवारी शंभर किलोमीटरची लहान शर्यतही घेतात. जळगाव-धुळे अंतराएवढीच म्हणा ना! तेथे सरावाला एकच तास मिळतो. प्रेक्षकाला एकाऐवजी दोन शर्यती पाहायला मिळतात, तिकिटे खपतात; परंतु अभियंत्याची मोजणी अपुरी राहते. यावर शौकिनांत दोन तट आहेत. माझे मत विचाराल तर मोजणीचा तास हिरावून घेणे मला पसंत नाही. मात्र अपुऱ्या मोजणीतून चुका होतात आणि चुकांतून रंगत येते, हे प्रतिपक्षाचे म्हणणेही खोटे नाही.

उद्याचे इंजिन कोणते?

२०२६ चे यंत्र मैदानात उतरण्यापूर्वीच त्याच्यामागून येणाऱ्या यंत्राची चर्चा सुरू झाली होती. २०२५ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी दहा सिलिंडरचे इंजिन परत आणण्याची कल्पना मांडली. इंधन निर्मळ असेल तर इंजिन साधे, हलके आणि गर्जणारे का नसावे, असा त्यांचा युक्तिवाद. एप्रिलमध्ये बहारीन येथे इंजिन बनविणाऱ्यांची बैठक झाली. ठरलेले नियम मोडायचे नाहीत आणि पुढच्या इंजिनातही विजेला काही ना काही स्थान राहील, असा तिचा सूर निघाला. त्यात नवल नाही. ऑडी या खेळात आली आणि फोर्ड परतली ती विजेचा वाटा वाढविणाऱ्या याच नियमांकडे पाहून. कारखानदार शर्यतीत कोट्यवधी रुपये ओततो तो आवाजासाठी नव्हे. उद्याच्या गिऱ्हाइकाला विकता येईल अशी विद्या त्याला हवी असते.

निव्वळ विजेवर धावणाऱ्या गाड्यांची शर्यतही आहे. तिचे नाव फॉर्म्युला ई. तिच्या २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आपल्या महिंद्रांचा संघ तीत उतरला, आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ही शर्यत हैदराबादच्या रस्त्यांवर झाली. तिच्या अलीकडच्या गाड्यांत मागच्या चाकांना नेहमीचा तेलाच्या दाबाचा ब्रेकच ठेवला नाही. मोटरच ब्रेकचे काम करते. तरीही तीनशे किलोमीटर तशा वेगाने नेईल एवढी वीज गाडीत भरायची तर बॅटरीचे ओझे वाढते, आणि ओझे वाढले की वेग जातो. एक किलो पेट्रोलमध्ये जेवढी शक्ती असते तेवढी साठवायला आजही किती तरी किलोंची बॅटरी लागते. म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यतीत द्रव इंधन अजून टिकून आहे.

परंतु ते इंधन आता जमिनीतून काढलेले नाही. २०२२ मध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्यापासून आरंभ झाला. २०२६ च्या नियमांनी इंधन संपूर्णपणे टिकाऊ स्रोतांतून आले पाहिजे असे ठरविले. येथे आपल्या भागाने कान टवकारावेत. उसाच्या रसाचे आणि मक्याचे इथेनॉल आपल्याला परिचयाचे आहे. देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ मध्ये सर्वत्र पोचले. शर्यतीचा नियम याहून कडक आहे. माणसाच्या ताटातले धान्य त्याला चालत नाही. शेतातला टाकाऊ माल, शहरातला कचरा किंवा हवेतून पकडलेला कार्बन यांपासून ते इंधन करावे लागते. खानदेशात पऱ्हाटी आणि केळीचे खांब यांना तोटा नाही. आज पऱ्हाटी चुलीत जाते किंवा बांधावर जळते. तिच्यातून इंधन काढण्याची विद्या अवघड आहे, खर्चाची आहे. उद्या आपल्या दारात कारखाना उभा राहील असे आश्वासन मी देणार नाही. मात्र ज्या जातीच्या कच्च्या मालासाठी जगातले रसायनशास्त्रज्ञ झटत आहेत तो आपल्या बांधावर पडलेला आहे, एवढे खरे.

ही चैन कशाला?

एक आक्षेप राहिला आणि तो रास्त आहे. श्रीमंतांच्या या खेळाने पर्यावरणाच्या गोष्टी कराव्यात काय? २०१९ साली या खेळाने स्वतःचा हिशेब प्रसिद्ध केला. वर्षाला सुमारे २,५६,००० टन कार्बन डायऑक्साइड. आणि त्यात गाड्यांच्या इंजिनांचा वाटा एक टक्कासुद्धा नाही! जवळजवळ निम्मा वाटा सामान विमाना-जहाजांनी जगभर वाहून नेण्याचा. म्हणजे इंजिन सुधारल्याने या खेळाचे पाप धुतले जात नाही. त्या इंजिनाचे मोल आहे ते त्यातून सिद्ध होणाऱ्या विद्येत. ती विद्या उद्या कोट्यवधी साध्या गाड्यांत उतरली तरच.

आपल्या देशाने ही शर्यत तीन वर्षे पाहिली. २०११, २०१२ आणि २०१३ साली ग्रेटर नोएडाच्या मैदानावर ती झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि मग करांच्या व पैशांच्या वादात ती थांबली. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये आणि करुण चंढोक २०१० मध्ये या शर्यतीत उतरले. परंतु आपल्या मुलांचा मार्ग गाडी हाकण्यातूनच जातो असे नाही. धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूर ओलांडा, बिजासनचा घाट चढा, नर्मदा पार करा, की महूजवळ पीथमपूर लागते. तेथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग २०२१ मध्ये खुला झाला. त्याच पीथमपुरात २००७ पासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन बाजा स्पर्धेला जमले. २०१५ पासून विजेच्या गाड्यांचाही त्यात वेगळा गट आहे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या मुलांनी तर स्वतः बांधलेली विजेची गाडी सिल्व्हरस्टोनपर्यंत नेली. अशा स्पर्धांत नुसत्या धावण्याला गुण नसतात. आराखडा, खर्चाचा हिशेब आणि टिकाऊपणा यांनाही असतात.

हे सांगण्यामागे आणखी एक तळमळ आहे. त्या दुकानातली मुले शर्यत संपल्यावर मोटारसायकली काढून बायपासकडे निघाली होती. शर्यतीच्या मैदानावर वळणाच्या बाहेर मोकळी जागा असते, डॉक्टर उभे असतात, समोरून उसाची ट्रॉली येत नाही. महामार्गावर यांपैकी काहीच नसते. ज्यांना वेगाचे वेड आहे त्यांच्या हाती पाना, मोजपट्टी आणि मीटर द्यावा. रस्ता देऊ नये.

आता त्या कारागिराच्या प्रश्नाकडे येतो. इंजिन की मोटर? नव्या यंत्रात दोघेही एकाच पेटीत बसले आहेत आणि एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. कारागिराची विद्या तेथे जुनी ठरलेली नाही. वैशाखात जळगावचा पारा चव्वेचाळीसवर गेला की विहिरीवरची मोटर का जळते, वार्निश कोठे सुटते, तांबे किती ताप सोसते, हे तो वासावरून सांगतो. ३५० किलोवॅटच्या मोटरीचा शत्रूही तोच ताप आहे. फरक इतकाच की, तेथे वासावर भागत नाही. ताप अंशात आणि प्रवाह ॲम्पियरमध्ये मोजावा लागतो.

मी त्याला सांगितले, “पोराला दोन्ही शिकवा, पण आधी मोजायला शिकवा.” मुलगा अजून तोच कागद घेऊन बसला होता. अठरा मिनिटांच्या उत्तरात मोटरीचे तोटे धरले नव्हते, हे त्याला खटकत होते. फळीवर एक पंप दुरुस्त होऊन पडला होता. त्याने तो जोडला, तारेभोवती मीटर अडकवला आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहू लागला.